भुतांच्या घरची पावले

बुटांच्या रिकाम्या खोक्याला चहाच्या पाण्याने ओलीचे डाग दिले, समईच्या वातींचा कापूस विंचरून कोपऱ्याकोपऱ्यांत जळमटे लावली, खिडकीला आगपेटीच्या जळक्या काड्यांचे गज बसवले. हॅलोविनसाठी भुतांचे घर आकार घेत होते. खोलीभर डिंकाचा आणि भिजल्या पुठ्ठ्याचा उग्र, तरीही हवासा वास पसरला होता. सोसायटीतली मुले हे घर पाहून घाबरली पाहिजेत, एवढीच माझ्या लेकीची, सईची, अट होती.

दार झाले, आणि माझा हात आपसूक रांगोळीच्या डब्यात गेला. उंबरठ्यावर मी आत येणारी, इवलीशी लक्ष्मीची पावले काढली.

"आई! भुतांच्या घरी लक्ष्मी? सगळे हसतील ना मला!" सई अगदी रडवेली झाली.

मी ओशाळले. दार म्हणजे स्वागत, एवढेच हातांना ठाऊक. येणारे कोण, हे ते विचारत नाहीत. भयसुद्धा आपण किती मायेने घडवतो!

सईने ती पावले पुसली आणि जीभ दातांत धरून नवी काढली. त्यांची बोटे दाराबाहेरच्या दिशेला होती.

"अगं, ही तर बाहेर निघाली."

"नाही गं आई. भुतांचे पाय उलटे असतात ना?" ती हलकेच म्हणाली, "म्हणजे कुणीतरी आत गेलंय."

मी हसले खरी. पण मीच कापलेल्या त्या खिडकीतून आत डोकावण्याचे धाडस मला काही केल्या होईना.