काकूंना विचारून बघू

इंदिरानगरच्या क्लासमधली आम्ही मुलं आता कुठेही भेटलो, की फिजिक्सचं एक सूत्र कुणाला धड आठवत नाही. किस्से मात्र निघत राहतात. एक संपायच्या आत दुसरा म्हणतो, "अरे, आणि ते ऑटोचं?"

तर आधी ऑटोचं.

दिवेकर काका तिथे, कन्नड मुलखात, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. नव्वदच्या दशकात दर रविवारी सकाळी ते आम्हा मराठी घरांतल्या पोरांना फिजिक्स-केमिस्ट्रीची गणितं शिकवायचे, तेही फुकट. काकू मिरजेला शाळेत विज्ञान शिकवायच्या. पेन्शनला पात्र होईपर्यंत नोकरी सोडायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलेलं. त्यामुळे संसार दिवाळी आणि मे महिन्यापुरता.

एकदा गणित होतं, ब्रेक लावल्यावर ऑटो किती अंतरावर थांबेल? रघूचं उत्तर आलं चाळीस किलोमीटर! काकांनी वही परत दिली. कन्नडमधला 'स्वल्प', म्हणजे थोडं, त्यांच्या तोंडी बसलेला. म्हणाले, "आणखी स्वल्प चुकव, रघू. मिरजेपर्यंत पोचेल."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

* * *

क्लास संपला, की काका आम्हाला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचे. रविवारी कॉल स्वस्त. "काकूंना विचारून बघू," म्हणत ते त्या दिवशीची उत्तरं फोनवर वाचून दाखवायचे आणि काकू तिकडून तपासायच्या. एकटे का जात नसत, देव जाणे. बहुतेक लाजत असावेत. डोक्यावर मीटर पळतोय, दारात पोरं उभी, अशात नवरा-बायकोनं बोलायचं तरी काय? ती दोघं बल, कार्य आणि ऊर्जा बोलायची.

बूथवाल्या अण्णांना मराठी यायचं नाही, पण 'न्यूटन', 'ज्यूल' एवढं कानावर पडायचं. त्यांनी एकदा मला कन्नडमध्ये विचारलं, "सरांचं ऑफिस रविवारीही चालू असतं काय?"

मी म्हटलं, "अण्णा, ती त्यांची बायको आहे."

पुढच्या रविवारी बूथमध्ये बसायला स्टूल आलं होतं.

आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना मला त्या रविवारांची फार ओढ लागते.

* * *

मे महिन्यात काकू आल्या, की क्लासला मिरजेचा भडंग मिळायचा. असेच एकदा काका केमिस्ट्री सांगत होते, "रेणूतला बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. बंध जुळताना ती बाहेर पडते."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "आणि लांब राहून टिकवायला लागते, ती कुठल्या धड्यात आहे?"

काका खडू शोधायला लागले. खडू हातातच होता.

* * *

जूनमध्ये शाळा सुरू झाली, काकू परत गेल्या. पहिल्याच रविवारी गणित होतं, दोन किलोचा दगड पाच मीटरवरून पडला तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जा किती? काकांनी फळ्यावर सोडवून दाखवलं, शंभर ज्यूल. बूथमध्ये मात्र फोनवर म्हणाले, "पन्नास."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिकडून काकूंनी स्थितिज ऊर्जेपासून सगळं समजावायला घेतलं. काका रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत होते. मधेच "हं" म्हणायचे, मधेच "पुन्हा सांग." मीटर पळत होता.

रघू म्हणाला, "काका, फळ्यावर तर..." मी त्याच्या पायावर पाय दिला.

त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी उत्तर अगदी बरोबर सांगितलं. पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी आम्ही ते ताडून पाहिलेलं होतं. मग काकूंचा आवाज आम्हाला दारापर्यंत ऐकू आला.

"अहो, चुकलंय. पहिल्या पायरीपासून वाचा बघू. सावकाश."