रंगुबाईंचा घट

केडगाव स्टेशनावरून भीमेच्या बाजूला निघालं की उसातून एक वाडी लागते. तिथं रंगुबाई राहतात. वय विचारलं तर दर वेळी वेगळं सांगतात, आणि प्रत्येक वेळी ते खरं वाटेल असा चेहरा करतात. वाडीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जमवल्या, उरलेल्या मोडायचा प्रयत्न केला. अशी ही धडधाकट बाई गेली कित्येक वर्षं वाडीच्या हिशेबी वारलेली आहे, आणि वाडी त्याबद्दल तिची फार काळजी घेते.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यानं वाडीत कावीळ आली. रंगुबाईंचा एकुलता एक मुलगा ज्योतिबा तिच्यात गेला. मागं राहिली सून आणि मांडीवरची नात, करिश्मा.

पुण्यातलं एक मोठं हॉस्पिटल तेव्हा खेड्यांतल्या छोट्या संस्थांना आरोग्याच्या कामासाठी अनुदान देत असे. वाडीच्या महिला मंडळाची चिटणीस ललिता हिनं अर्ज केला. ललिता बौद्धवस्तीतली, नर्सिंग शिकलेली. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायचीही पंचाईत. अनुदान मिळालं. अट एकच होती. विहिरीचं पाणी शुद्ध ठेवायचं आणि सगळ्या वाडीनं तेच प्यायचं. पावसाळा संपला की हॉस्पिटलच्या डॉक्टर राजश्री बघायला येणार, आणि लोक पीत नसतील तर मदत बंद.

कृती सोपी होती. मातीच्या माठाला बुडाशी भोक पाडायचं, त्यात वाळू आणि जंतू मारणारी टीसीएल पावडर भरायची, तोंड बांधून तो विहिरीत सोडायचा. पावडर हळूहळू पाण्यात उतरत राहते. ललिता केडगावच्या बाजारात म्हाळू कुंभाराकडं गेली आणि तिनं भोक पाडलेला माठ मागितला. म्हाळूच्या आयुष्यात भोकाच्या माठाचं काम एकच. माणूस गेलं की तो घट पिंपळाला टांगायचा आणि त्यातलं ठिबकणारं पाणी दहाव्यापर्यंत गेलेल्यानं प्यायचं. त्यानं रीतीप्रमाणं आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

ललिताला एसटी गाठायची होती. "अजून कुणी नाही," ती म्हणाली.

एसटी ललिताला घेऊन आली; पण हे वाक्य तिच्या आधी वाडीत पोचलं होतं. त्यात विहिरीच्या काठावर दोर बांधण्याजोगी गोष्ट एकच होती, दगडांच्या सांध्यातून उगवलेला पिंपळ. ललितानं दोर त्याला बांधला आणि माठ पाण्यात सोडला.

त्या दिवसापासून विहिरीतले बेडूक गप्प झाले. ललिता म्हणाली, पावडरीमुळं असेल. कडेच्या कपारीतली पारवीही उडून गेली, ती कशामुळं, ते तिला सांगता आलं नाही. दिवे लागायच्या वेळी पाण्यावर बुडबुडे यायचे, एकाआड एक, खाली कुणीतरी सावकाश घोट घेत असल्यासारखे. बायका रिकाम्या कळश्या घेऊन मागं फिरल्या आणि ओढ्यावर जाऊ लागल्या. ओढ्यात म्हशी बसत.

घट कुणासाठी, एवढाच प्रश्न उरला होता. पोपटराव म्हणजे वाडीतले वडीलधारे आणि वाडीतला सगळ्यात जुना खोकला. त्यांनी घट स्वतःचाच समजून दाढी करून घेतली, शिरूरहून लेक बोलावून घेतली आणि पुरणपोळी खायची राहून जाऊ नये म्हणून रोज करायला लावली. बौद्धवस्ती तेवढी बिनघोर पाणी भरत होती. ललिताचा भाऊ महेंद्र विहिरीवर मोठ्यानं म्हणायचा, "आमच्यात घट नसतोय. यमाला आमचा पत्ता न्हाई." मग लोक म्हणत, तेच तर, घट तुमच्यासाठी न्हाईच. ललितानं दोर दुसरीकडं बांधायची तयारी दाखवली तर पोपटरावांनी तिचा हात धरला. पिणाऱ्याच्या तोंडचं पाणी काढतात का?

मग एका सकाळी रंगुबाईंना दिसलं की सून करिश्माच्या तोंडाला ओढ्याचं पाणी लावतेय. त्यांनी पेला हिसकावून अंगणात फेकला, पोरीला काखोटीला मारलं आणि पारावर सगळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घट माझा हाय," त्या म्हणाल्या. "मीच सांगितला बांधाया. जायाचं ते मी जाईन. तुमी गपगुमान पानी प्या."

लगेच त्यांनी विहिरीतून कळशी ओढली, पहिली ओंजळ स्वतः प्यायल्या, दुसरी करिश्माला पाजली. वाडीनं एकदम श्वास सोडला. दुपारपर्यंत विहिरीवर रांग लागली. पोपटरावांची लेक शिरूरला परतली. पुरणपोळी बंद झाल्याचं त्यांना वाईट वाटलं.

डॉक्टर आल्या, बघून खूश झाल्या, अनुदान पुढं चालू राहिलं. कावीळ परत आली नाही. रंगुबाईंनी ही थाप म्हणून मारली होती आणि पहिले काही महिने तिची मजाही घेतली. लोक त्यांच्याशी हळू बोलत. भांडणात त्यांचं कुणी खोडून काढत नसे. सणाला त्यांचं पान वेगळं आणि आधी वाढलं जाई, जसं पितरांचं वाढतात. पावडर भरायला माठ वर काढला की तो परत पाण्यात जाईपर्यंत चार बायका त्यांना पारावर धरून बसवत आणि उठू नका म्हणत. रंगुबाई मुद्दाम डोळे पांढरे करून दाखवायच्या.

एकदा दोर कुजून तुटला आणि माठ तळाला गेला. रंगुबाई तेव्हा घरात भाकरी थापत होत्या. त्यांचा हात पिठातच थांबला. महेंद्रनं बुडी मारून माठ वर आणून पुन्हा टांगेपर्यंत त्यांचे ओठ तेवढे पाणी पीत असल्यासारखे हलत होते. मी हे पाहिलेलं नाही. सून पाहत होती, आणि ती सासूचं कौतुक करायला खोटं बोलणारी सून नव्हे. त्या दिवसानंतर रंगुबाईंनी डोळे पांढरे केले नाहीत.

दोन हजार पाच साली वाडीत नळ आला. हॉस्पिटलनं काम यशस्वी झाल्याचं कळवलं. समारोपाला डॉक्टर राजश्री स्वतः आल्या. हार झाले, भाषणं झाली. मग त्या विहिरीवर गेल्या आणि म्हणाल्या, आता हा माठ काढून टाका. कुणी पुढं झालं नाही. ललिताला त्या माठाचं भोकसुद्धा शास्त्रानुसार समजावता येई, ती पदराचं टोक बघत राहिली. महेंद्रला एकाएकी बूट सैल झाल्याचं आठवलं.

डॉक्टर हसल्या आणि त्यांनीच दोर धरला.

रंगुबाई गर्दीतून पुढं आल्या. आवाज न चढवता त्यांनी डॉक्टरांच्या मनगटावर हात ठेवला.

"बाई, करिश्मा आत्ता कुठं तिसरीत हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तेवढा."

डॉक्टरांनी त्या हाताकडं पाहिलं. तो भर उन्हाळ्यात विहिरीतून आत्ताच काढल्यासारखा गार होता, असं त्यांनी परतताना गाडीत ललिताला सांगितलं. त्यांनी दोर सोडला.

करिश्मा आता वर्गात पहिली येते. पावडर भरणं कधीच बंद झालं, तरी संध्याकाळी विहिरीत बुडबुडे येतात. माठ वर काढलेला त्यानंतर कुणी पाहिलेला नाही, दोर मात्र दर वर्षी नवा असतो. कोण बदलतं म्हणून मी पारावर विचारलं. सगळे रंगुबाईंकडं बघू लागले, आणि रंगुबाई सगळ्यांकडं.