समुद्राला घातलेला बांध

अंजनगावात थापाड्यांची कधीच वानवा नव्हती. पण गावानं खोटारडी ठरवलं ते नेमकं मनकर्णाबाईला. माळ्याची बाई. भाजीच्या वाफ्यांना पाणी देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

देशमुखांची लेक कोकणातल्या एका चिमुकल्या संस्थानात राणी झाली होती. बाळंतपण आटोपून सासरी निघाली, तेव्हा मूल सांभाळायला तिनं मनकर्णाबाईला सोबत नेलं. परतल्यावर ही सांगू लागली, राणीसाहेब रोज वाळूत बसून रंगपाण्यानं समुद्र काढत. एकदा भरतीचं पाणी थेट रंगांच्या पेटीकडे यायला लागलं. मळ्यात पाट फुटला की करायची तेच हिनं केलं. लुगडं खोचलं आणि दोन्ही हातांनी वाळू ओढून बांध घातला.

गाव हसून हसून लोळलं, आणि नवरा खुशालराव सगळ्यांच्या पुढे. ही तिथं भांडी घासत बसली असेल, समुद्र कुठला, असं तोच म्हणे. येणारा-जाणारा विचारी, "मंग बांधाचं काय झालं?" खोटं बोलता येत नसल्यानं ती बिचारी म्हणे, "वाहून गेला." पुढं तर मेथी ताजी आहे म्हटलं, तरी गिऱ्हाईक विचारी, समुद्रावरची का? ते तिला फार लागे. शेवटी तिनं समुद्राचं नावच टाकलं.

मग एका हिवाळ्यात साहेबांच्या मडमांनी अमरावतीला शेतमालाचं आणि बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. खुशालराव आपली वांगी घेऊन गेला, सोबत बायको आणि निम्मं गाव. माहेरचा मान म्हणून राणीसाहेबांनीही एक चित्र धाडलं होतं. हात हौशीच. होडी पीठ मळायच्या काठवटीसारखी, माणसांचे चेहरे म्हणजे नुसते डाग. पण पुढ्यात एक बाई वाकलेली होती. लुगडं खोचलेलं, डावा पाय पाण्याच्या वाटेत आडवा रोवलेला, हातांखाली वाळूचा बांध.

खुशालराव जागीच थबकला. चेहऱ्याची गरजच नव्हती. तो पाय तो रोज मळ्यात बघत होता. आयुष्यात चारचौघांत बायकोचं नाव न घेतलेला तो माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे आमची मनकर्णा होय. समुद्राले बांध घालून राहिली."

गर्दीतून कोणीतरी सवयीनं विचारलंच, मग बांधाचं काय झालं?

मनकर्णाबाईनं पदर सावरला, चित्राकडे बोट केलं.

"पाह्य ना. उभा हाय."