नडगीचं माप

माझ्या डाव्या नडगीवर एकाखाली एक असे चार पांढरे ठिपके आहेत. ते सायकलच्या पेडलचे. डोंगरात चालवायच्या सायकलीला साधं रबरी पेडल नसतं. बूट घसरू नये म्हणून त्यावर बारीक लोखंडी दात असतात. तरीही बूट घसरलाच, तर पेडल गर्रकन फिरतं आणि ते दात नडगीत बसतात. तिथे मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे लागतं ते थेट हाडाला.

तेव्हा गुडगावचं गुरुग्राम व्हायचं होतं. आम्ही दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून तिथल्या एका सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहायला आलो होतो. मागच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं, की टॉवर संपून अरवलीचे खडकाळ, काटेरी किकरांनी, म्हणजे बाभळींनी, भरलेले उतार लागत. मुलगी अकरावीत होती. तिच्या हट्टापायी दोन सायकली आल्या आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं तिकडे जाऊ लागलो. एरवी ती शाळा आणि क्लासमध्ये, मी मेट्रो आणि ऑफिसात. चढावर सायकल हातात धरून चालताना ती जे बोलायची, ते घरात कधी बोलली नसती. बारावीनंतर ती पुण्याला शिकायला जाणार हे जवळपास ठरलेलं होतं. म्हणजे असे रविवार मोजकेच उरले होते.

डिसेंबरात ते दात लागले आणि टाके पडले. पट्टी बघून बायको म्हणाली, "पन्नाशीला आलात, आता डोंगर उतरायचे डोहाळे लागलेत! ऐका, पुन्हा रक्त दिसलं तर दोन्ही सायकली बेसमेंटमध्ये. ती एकटी जाणार नाही आणि तुम्हीही."

"आई, बाबा पडले तर माझी सायकल का बंद?" मुलगी म्हणाली.

"कारण तू पडलीस तर हे सांगणारसुद्धा नाहीत."

तेव्हा नडगीचं संरक्षण नीट निवडायचं ठरलं. मी आधी फुटबॉलवाले घालतात ते प्लास्टिकचे गार्ड आणून पाहिले. ते मोज्यात खोचायचे असतात आणि त्यांनी गुडघा उघडाच राहतो. मग गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जाणारं कडक कवच पाहिलं. ते मजबूत होतं, पण पेडल मारताना त्याची वरची कड दर फेऱ्याला मांडीत रुतत होती. शेवटी पसंत पडला तो मोज्यासारखा पायात चढवायचा गार्ड. त्याला गुडघ्यावर आणि नडगीवर जाड पॅड होतं, गुडघ्यामागे हवेसाठी जाळी होती आणि वर-खाली चिकटपट्ट्या होत्या. मुलीचे गार्डही त्याच प्रकारचे घेतले. ते तिने दुकानात स्कर्टखालच्या उघड्या पायांवर घालून पाहिले आणि ते लगेच बसले. माझा नंबर दुकानात नव्हता, म्हणून मागवायचा होता. त्यासाठी दोन मापं लागत: गुडघ्याच्या वर दहा सेंटिमीटरवर मांडीचा घेर आणि पोटरीचा सर्वांत मोठा घेर.

जानेवारी होता. हीटर लावून बसलो होतो. बायकोने शिवणाच्या डब्यातला टेप काढला आणि मी पायजमा वर सरकवला. मांडी सेहेचाळीस, पोटरी एकोणचाळीस. तक्त्याप्रमाणे एल. गार्ड आले आणि झकास बसले. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

मग ते घसरायला लागले. उतारावर दोन-तीन गचके बसले, की गुडघ्यावरचं पॅड नडगीवर आणि नडगीवरचं घोट्यावर. मी पट्ट्या आवळल्या, तर गुडघ्यामागे लाल वळ उठले आणि पायाला मुंग्या आल्या.

"इलॅस्टिक गेलं," मी म्हणालो.

"यार बाबा, दोन महिन्यांत? माझं तर ठीक आहे."

"तुझे पाय बारीक आहेत."

याला काही अर्थ नव्हता, ते तिनेही सांगितलं. होळीच्या आधीच्या रविवारी गार्ड पायावर फिरून बाजूला गेला आणि पेडल पुन्हा लागलं. टाके पडावेत इतकं नव्हतं, पण पांढऱ्या मोज्यावर डाग पडला. बायकोने मोजा बादलीत टाकला आणि एवढंच म्हणाली, "झालं मग." मुलगी आपली सायकल पुसत बसली. ठरलं होतं ते ठरलं होतं, त्यामुळे दोन्ही सायकली मीच बेसमेंटमध्ये नेऊन ठेवल्या.

पुढच्या शनिवारी बायको थंडीचं सामान आवरत होती. दिल्लीकडे होळी झाली की रजया, स्वेटर आणि कपड्यांच्या आत घालायची लोकरी इनर धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून पलंगाच्या पेटीत जातात. माझं पायजम्याखालचं इनर घडी करता करता ती थांबली.

"अहो, माप घेतलं तेव्हा हे अंगात होतं ना?"

होतं. नोव्हेंबरात चढलेलं इनर इथे फेब्रुवारीपर्यंत अंगाचा भागच असतं. पायजमा मी वर केला होता, इनर तसंच होतं, आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. सायकलवरही ते थंडीभर आत असायचं, म्हणून गार्ड बसत होते; फेब्रुवारीत ते उतरलं आणि गार्ड ढिले पडले. कापड तीन मिलिमीटर जाड असलं तरी घेरात जवळजवळ दोन सेंटिमीटरची भर पडते.

"पुण्यात असतो तर ही चूक झालीच नसती," मी म्हणालो.

"पुण्यात असतो तर तुम्ही पर्वती चढून गप्प बसला असता. पाय पुढे करा."

उघड्या पायाचं माप निघालं चव्वेचाळीस आणि सदतीस. म्हणजे एम. या वेळी तिने गुडघा वाकवायला लावून पुन्हा टेप फिरवला. मी आकडे वाचले, तिने ते परत वाचले.

नवे गार्ड आले तेव्हा तिने मला ते घालून नाश्त्याला बसवलं, मग अकरा मजले जिन्याने उतरायला लावलं. खाली ती आणि मुलगी लिफ्टने आधीच पोचल्या होत्या. पार्किंगमध्ये वॉचमनच्या देखत तिने वाकून माझ्या गुडघ्यावरचं पॅड दोन बोटांनी खाली ओढलं. ते हललं नाही. मग पट्टीखाली बोट घालून पाहिलं. बोट जात होतं.

"जुने फेकून देऊ?" मुलीने विचारलं.

"कशाला? थंडीत इनरवरून लागतील," बायको म्हणाली.

थंडी यायला अजून आठ महिने होते, म्हणजे तोवर सायकली बंद होणार नव्हत्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं, बेसमेंटमधून दोन्ही सायकली काढल्या आणि टायरमध्ये हवा भरायला घेतली.