शमीमआपांचं कागदी जंगल

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुखेडला माहेरी होते, भाचीच्या साखरपुड्याला. हातात पानसुपारीचं तबक होतं. आपांची धाकटी बहीण नजमा एवढंच म्हणाली, "सुनंदाबाई, आपा गेल्या. पहाटं छातीत दुखलं, दवाखान्यापातूर बी न्हाई पोचलो." मिळेल ती एसटी धरून उदगीरला पोचले, पण तोवर मय्यत उठली होती. त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हापासून माझं कशातच मन लागत नाही. वर्गात बसते, उठते, खिडकी लावते, पुन्हा उघडते... आपांशी एक गोष्ट बोलायची राहून गेली. ती कुणाला सांगावी हे कळत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

उदगीरच्या एका बालवाडीत आम्ही दोघींनी बारा वर्षं एकच वर्ग सांभाळला. एका वर्षी प्रशिक्षणात आम्हाला 'वर्षावन' हा विषय दिला गेला. मी वैतागले. म्हटलं, "आपा, आपल्या पोरांनी बाभळीपल्याड झाड बघितलं न्हाई. बैल, ज्वारी, एवढंच घेऊ." आपा कात्रीनं कागद कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोळ्याला दिसतं तेवढंच शिकवायचं व्हय गं? मग त्यांना अंगण बास हाय. शाळंत कशाला घालतेत?" दुसऱ्या दिवशी त्या भावाच्या शिलाईच्या दुकानातून पोतंभर हिरव्या चिंध्या घेऊन आल्या. चिंध्यांच्या वेली झाल्या. पोरांचे तळवे हिरव्या रंगात बुडवून भिंतीवर पानं उमटवली. अंड्यांच्या ट्रेचे बेडूक झाले, कागदी ताटलीचा मोठ्या चोचीचा पक्षी झाला. शेंड्यावर पक्षी, मध्ये माकडं, खाली मुंग्या... 'वर', 'मध्ये', 'खाली' हे शब्द पोरं त्या भिंतीपाशी शिकली आणि मुंग्या मोजता मोजता पाचपर्यंत पोचली. फांदीला उलटं लटकणारं एक संथ जनावरही होतं. रोज उशिरा येणारी आरती ते बघून खूश झाली आणि सगळ्यांना सांगत सुटली, "मी तसलं जनावर हाय!"

पण पालकांना ते पटेना. "झाडंच चिकटवून राहिलेत, पोरगी 'अ' कधी काढणार?" असं आरतीच्या वडिलांनी ऑफिसात येऊन विचारलं. पालकसभा जवळ आली होती आणि आपा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला गेल्या होत्या. मुख्याध्यापकांनी मला बोलावून भिंत मोकळी करायला सांगितलं. 'आपा आल्यावर बघू,' हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते बोलले नाही. खरं सांगायचं तर, आत कुठंतरी मला बरंच वाटलं होतं... पोरं सदानकदा आपांभोवती असायची. एका दुपारीत मी सगळं उतरवलं, जनावरं पोत्यात भरली, हिरव्या तळव्यांवरून चुना फिरवला आणि अक्षरांचे तक्ते लावले.

सोमवारी आपा आल्या, दारातच थांबल्या. पोरं ओरडली, "आपा, सुनंदाबाईनं जंगल तोडलं!" मी हजेरीपटात डोकं घातलं. आपा म्हणाल्या, "तोडलं न्हाई रे. जनावरांनी घर बदललं." त्यांनी पोतं ओढलं आणि एकेका पोराच्या हातात एकेक जनावर दिलं. "ह्याला घरी न्यायचं. काय खातं, कुठं झोपतं, उद्या मला सांगायचं." आठवडाभर वर्गात तेवढंच बोलणं चाललं. आठवड्याअखेरीस आरतीचे वडीलच दारात उभे, जरा ओशाळलेले. "बाई, ते चोचवालं पाखरू काय खातंय? पोरगी त्याच्याबिगर जेवंना झालीय."

आपा हसल्या. मला मात्र त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारी नेहमीसारखाच डबा पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "खा गं, थंड होईल." पुढच्या वर्षी चिंध्यांचं पोतं काही शाळेत आलं नाही. आपांनी घराच्या पुढच्या खोलीत जंगल मांडलं आणि रविवारी गल्लीतली पोरं जमवायला लागल्या. "ये की कधी रविवारी," म्हणायच्या. मी म्हणायची, काम हाय. चार वर्षं मी हेच म्हणत राहिले. त्यांचं घर माझ्या घरापासून एक गल्ली सोडून.

गेल्या रविवारी नजमाला भेटायला म्हणून आपांच्या घरी गेले. ती खोली पहिल्यांदा बघितली. पानं सगळी कमरेएवढ्या उंचीवर, पोरांचे हात पोचतील तिथंच. चहा घेत होतो तोवर दाराशी चपला वाजल्या. सात-आठ पोरं आत आली आणि गोल करून बसली. आपा नाहीत हे त्यांना सांगितलेलं होतं, तरी आली. नजमानं माझ्याकडं बघितलं. मी चटईवर बसले, पण काय करायचं ते सुचेना. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, आधी पाऊस पाडायचा असतो." तिनं तळहात एकमेकांवर घासले. सगळ्यांनी घासले. मग एका बोटानं तळहातावर टपटप, मग दोन बोटांनी, मग चारही. मग मांड्यांवर थापा... खोलीत खरोखर पाऊस लागला. मी पण थापा मारत होते. "थांबायचं कधी?" मी त्या आवाजातच विचारलं.

"आपा सांगतेत," ती म्हणाली.

पोरं माझ्याकडं बघत होती. माझे हात थांबेनात. तळवे लाल झाले तरी आम्ही सगळे थापा मारतच राहिलो.