पिछाडीचा माणूस

मार्च जवळ आला की स्टुटगार्टच्या ऑफिसात एचआरच्या बाईंचे गोड धमकीवजा मेल सुरू व्हायचे. गेल्या वर्षीची उरलेली सुट्टी, म्हणजे रेस्टउरलाउब, महिनाअखेरीपर्यंत संपवा, नाहीतर बुडेल. २०१४ साली माझे पाच दिवस उरले होते. पाच दिवसांत पुण्याला जाऊन येणं म्हणजे नुसते विमानतळ बघणं. घरी बसावं तर सगळा हिवाळा तेच चाललं होतं. मी चौतिशीचा, एकटा, कंत्राटावर आलेला इंजिनिअर. चढावरच्या एका इमारतीत राहायचो, आणि माझ्या दाराशी कुणी येत असेल तर ती खालच्या मजल्यावरची शेजारीण. जिना झाडायची माझी पाळी आली की दाराला पाटी अडकवून जायची. तीही बेल न वाजवता.

म्हणून पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्देमधल्या एका बेटाचं तिकीट काढलं. ज्वालामुखीचं बेट, काळ्या वाळूचा किनारा, आणि तिथे पोचायला पायीच जावं लागतं, एवढंच वाचलं होतं. पायी म्हटलं की मला राहवत नाही. पुण्यातल्या एका ग्रुपबरोबर मी बरीच वर्षं गड पालथे घातले, आणि जवळजवळ दर वेळी पिछाडी माझ्याकडे असायची. लीडर पुढे वाट काढतो, फोटोही त्याचेच निघतात. पिछाडीचा माणूस सगळ्यांच्या मागून चालतो. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला धाप लागते, कुणी फुलांचे फोटो काढत रेंगाळतं, त्या सगळ्यांना पुढे घालत तो येतो. कुणालाही ओलांडून जायचं नाही, हा त्याचा एकच नियम. वर पोचलं की लीडर विचारणार, आले का सगळे? आणि मी ‘सगळे आले’ म्हटल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही. खरं सांगायचं तर त्या दोन शब्दांसाठीच मी रविवारी भल्या पहाटे उठत असे.

बेटावर जीपवाल्यानं मला डोंगराच्या धारेवर, शेवटच्या वस्तीपाशी सोडलं. खाली जाणारी एकच पायवाट होती. आधी उसाच्या आणि केळीच्या शेतांचे तुकडे, मग वाळलेलं गवत, मग काळ्या दगडांचा नुसता घसारा. सॅकमध्ये सवयीनं क्रेप बँडेज, ग्लुकोजची पुडी आणि चौघांना पुरेल एवढं पाणी भरलं होतं. चौघे नाहीत हे खांदे दुखायला लागल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या वळणावर एक पांढरी टोपी दिसली. सत्तरीच्या एक बाई दोन काठ्या टेकत सावकाश उतरत होत्या. मी जवळ पोचताच ‘ग्र्यूस गॉट’ म्हणाल्या, म्हणजे दक्षिण जर्मनीच्या, आमच्याच बाजूच्या. मीही म्हणालो. त्या वाट द्यायला बाजूला झाल्या, आणि माझे पाय काही पुढे जाईनात. हातानंच त्यांना पुढे व्हायला सांगितलं आणि थोडं अंतर ठेवून मागून चालू लागलो.

काय बरं वाटलं मला! कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी चालीशी माझी चाल जुळली होती. त्या थांबल्या की मी थांबायचो, त्या पाणी प्यायल्या की मीही प्यायचो. घसाऱ्यावर त्यांची काठी सटकली तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला. समोरच्या माणसाला हे सगळं कसं दिसत असेल, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

बाई वळल्या. चेहरा लाल झाला होता. “तुम्ही माझ्या मागे मागे का येताय?”

मी सांगायला गेलो की आमच्याकडे एक माणूस मुद्दाम मागे ठेवतात, कुणी पडलं तर म्हणून. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ बहुधा असा झाला की मी त्या कधी पडतात याची वाट बघतोय. त्यांनी काठीनं खालची वाट दाखवली आणि मला पुढे जायला सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून मी त्यांना ओलांडलं.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळू म्हणजे कारळ्याची चटणी, तशीच काळी आणि भरड. लाट मागे हटली की गोटे खडखडत तिच्यामागून जायचे. मी बूट काढून पाय बुडवले आणि वळून डोंगराकडे पाहिलं. टोपी दिसेना. थोडा वेळ बसलो, पुन्हा पाहिलं. एवढ्या लांब जे बघायला आलो, त्याच्याकडे पाठ करून मी त्या घसाऱ्याकडेच बघत राहिलो. जीव टांगणीला लागला. मी मागे असतो तर पडल्याचं कळलं तरी असतं. शेवटी ओल्या पायांत बूट चढवले आणि उन्हातून वर निघालो.

घसाऱ्यावरच, एका कपारीच्या सावलीत बाई सफरचंद कापून खात बसल्या होत्या. धडधाकट होत्या. मला इतकं हायसं वाटलं की मी आधी पाण्याची बाटलीच पुढे केली. त्यांनी स्वतःची बाटली उचलून दाखवली.

“मी तुमची वाट बघत होते,” त्या म्हणाल्या. आता आवाजात राग नव्हता. “तुम्ही वर आलात की मी उतरणार. मला तिथे एकटीला बसायचं आहे. त्यासाठीच इतक्या लांब आलेय.”

त्या सबंध हिवाळ्यात माझी कुणी वाट बघितली असेल तर ती या बाईंनी, आणि तीही मी निघून जावं म्हणून. मला हसू आलं. ज्या गोष्टीनं मी चार भिंतींत झुरत होतो, तीच शोधत त्या काठ्या टेकत समुद्रापर्यंत आल्या होत्या. मी वाट सोडून उभा राहिलो. त्या मान हलवून उतरायला लागल्या.

वर वस्तीपाशी जीप उभी होती. शेवटची नाही ना, एवढं विचारून मी ती सोडून दिली. एका पडक्या कुंपणाआड बसलो, खालून दिसणार नाही असा, आणि ग्लुकोज घालून चौघांचं पाणी एकट्यानं संपवत राहिलो. मला त्यांच्याकडून काही नको होतं, पण खाली माणूस असताना निघून जाणं मला जमत नाही. उन्हं कलली. वस्तीतल्या बायका शेळ्या घेऊन परतल्या, माझ्याकडे बघून आपसांत काहीतरी बोलल्या.

मग उसाच्या तुकड्याशी पांढरी टोपी दिसली. सावकाश, पण नीट चालत होती. मी उठलो, सॅक पाठीला लावली, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी मराठीत, मोठ्यानं म्हणालो, “सगळे आले.”

शेळ्यांनी तेवढी मान वर केली. बाईंनी मला पाहायच्या आत मी रस्त्याला लागलो.