गाइडचा फोटो

अमेरिकेत, अर्विंगमध्ये ऑफिसला जाताना मी ज्या डोनटच्या दुकानात थांबतो, त्याचा म्हातारा मालक कंबोडियाचा आहे. गिऱ्हाईक रोजचं असलं तरी तो आधी चेहरा निरखतो, मगच गुड मॉर्निंग म्हणतो. मला ते खटकायचं.

त्याच्या देशातली अंगकोरची देवळं बघून आल्यावर मी कौतुकाने त्याला फोटो दाखवले. देवळांवर तो थांबलाच नाही. आमच्या गाइडचा चेहरा मात्र त्याने दोन बोटांनी मोठा केला.

"वय किती याचं?"

"सत्तरीचे असतील. फार प्रेमळ माणूस."

"पन्नास वर्षांपूर्वी आमचीच माणसं आमच्या कत्तली करत होती तेव्हा हा कुठे होता, विचारलंत?"

"नाही."

"कोणीच विचारत नाही," म्हणत त्याने फोन परत दिला.

गाडीत बसून मी तो फोटो पुन्हा बघितला. गाइडचा हात माझ्या खांद्यावर होता.